भजनाच्या वेळची केशरी पट्टी

ती तीन बटणं घरात आली त्याच दिवशी निरुपमाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की ह्यात काहीतरी काळंबेरं आहे.

दिसायला बटणंच. कोटाला असतात तेवढी, पांढरी, गुळगुळीत. रमाकांतरावांना व्यायाम शिकवायला येणारी आकांक्षा ती एका डबीतून घेऊन आली आणि त्यांच्या अंगाला डकवायला लागली. एक मांडीला, एक छातीला, दोन्ही चिकटपट्टीने. तिसरं डाव्या मनगटाला, घड्याळासारख्या पट्ट्यात घालून. होळीच्या सुमारास रमाकांतरावांना अर्धांगाचा झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. पाय त्यातल्या त्यात सुधारला. वॉकर धरून ते न्हाणीघरापर्यंत जायचे. हात मात्र दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला असे. सदऱ्याच्या बाहीत घालायचा तर निरुपमाबाईंनी तो उचलावा, आत ढकलावा आणि वर दोन शब्द ऐकवावेत.

"हे काय गं चिकटवतेस?" त्यांनी विचारलं.

"सेन्सर आहेत, आजी. आजोबा पडलेत, बसलेत, उभे आहेत, वाकलेत, सगळं ह्यांना कळतं."

"मग मला विचार की. दिवसभर ह्यांच्या समोर असते मी. काही न चिकटवता सांगेन."

आकांक्षा हसली. गोड मुलगी होती, पण गोड माणसांवर निरुपमाबाईंचा विश्वास कमीच. "तुम्ही देवळात जाता, बाजारात जाता. हे चोवीस तास अंगावर. पाण्याने पण काही होत नाही. मांडीवरचं सांगतं पाय कसा आहे, छातीवरचं सांगतं पाठ कशी आहे, आणि मनगटावरचं सांगतं हात कुठे आहे. आठवडाभराने मी लॅपटॉपला जोडून बघेन."

"आणि बोललेलं?"

"बोललेलं नाही कळत. फोटोही काढत नाही. नुसती अंगाची ठेवण."

'बोललेलं कळत नाही असं आपणहून सांगतेय, म्हणजे कळत असणारच,' असं निरुपमाबाईंनी ओळखलं. त्या दिवसापासून सुनेबद्दल काही बोलायचं झालं तर त्या स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून बोलत.

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातलं ते बैठं घर रमाकांतरावांनी रेल्वेत असताना बांधलं. पुढे ओटा, मागे पत्र्याखालची पडवी आणि मोरी. मुलगा सलील नंदेसरीच्या एका केमिकल फॅक्टरीत इंजिनियर. तो, त्याची बायको रसिका आणि त्यांचा संसार शहराच्या समा भागातल्या फ्लॅटमध्ये. चौथ्या इयत्तेत शाळा सुटलेल्या निरुपमाबाईंनी ह्या घराचा कारभार एकहाती हाकला होता आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांचा आवाज ऐकून बाजूला होत. जिभेला धार होती आणि त्या धारेचा त्यांना अभिमान होता. खोटं कशाला बोला?

आठवड्याने आकांक्षाने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर रंगीत पट्ट्या दिसल्या. निरुपमाबाई चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"निळा म्हणजे आजोबा पडलेले. हिरवा म्हणजे बसलेले. केशरी म्हणजे उभे. हे बघा, सकाळ. निळा, हिरवा, थोडंसं केशरी, न्हाणीघर. परत निळा."

"हे तर मीही सांगितलं असतं."

"आणि ही दुपार." आकांक्षाचा आवाज एकदम चढला. "आजी, हे काय आहे? ही केवढी केशरी पट्टी! आजोबा किती वेळ उभे आहेत बघा. मध्ये मध्ये वाकतायत. आणि हे... हे डाव्या हाताचं आहे. आजोबा हात खांद्याच्या वर नेतायत! माझ्यासमोर तर कोपरसुद्धा उचलत नाहीत."

"कधीची दुपार?"

"परवाची. आणि त्याच्या दोन दिवस आधीची पण. चहानंतरची वेळ. तुम्ही काय करून घेता त्यांच्याकडून?"

चहानंतर निरुपमाबाई घरात नसत. सोसायटीच्या देवळात मराठी बायकांचं भजन असे आणि झांजा त्यांच्याशिवाय कुणाला धड वाजवता येत नसत, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. रमाकांतराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे मिटलेले, पण पापण्या हलत होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात निजलेला नवरा आणि निजल्याचं सोंग घेतलेला नवरा ह्यातला फरक न कळायला निरुपमाबाई काही खुळ्या नव्हत्या.

"काय हो," आकांक्षा गेल्यावर त्या म्हणाल्या, "दुपारी कवायत करता म्हणे."

"कोण म्हणतं?"

"तुमच्या मांडीवरचं बटण म्हणतं."

"बिघडलं असेल," रमाकांतराव म्हणाले. जीभ अजून जरा जड होती. "चायनाचं असतं ते सगळं."

माणूस खरं बोलत असता तर एवढा तयार जबाब दिला नसता. निरुपमाबाईंनी मनात एकेक गोष्ट मांडायला घेतली, तांदूळ निवडावेत तशी.

पहिली गोष्ट. त्यांच्या भजनाची जन्मभर टिंगल करणारा हा माणूस. 'तुमच्या झांजांनी देव पळून जाईल' म्हणणारा. तो गेले काही दिवस चहा प्यायला की पांघरूण छातीपर्यंत ओढून म्हणे, "जा तू. उशीर होईल. मला पडू दे." मे महिना, बाहेर बडोद्याची लू चाललेली, पंखा गरम वारा फेकतोय, आणि हा पांघरूण घेतो!

दुसरी गोष्ट. भजनाहून आलं की खोलीत पावडरचा वास. साधा नाही, घमघमाट. सकाळी आंघोळीनंतर पावडर लावू का विचारलं तर म्हणणार, मी काय बाळ आहे? मग दुपारी कुणासाठी थापतो?

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. मागच्या पडवीत पत्र्याच्या जरा खाली एक उंच दांडी होती. त्यावर निरुपमाबाईंचं सोवळं वाळे. रोज सकाळी न्हाऊन धुतलेलं लुगडं काठीने वर टाकायचं, दुसऱ्या दिवशी काठीनेच उतरवायचं आणि तेच नेसून देवपूजा, नैवेद्य. मधे त्याला कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर ते ओवळं. कामवालीला पडवीत यायची बंदी होती आणि रसिका तर लग्नानंतर एकदाच त्या काठीजवळ गेली होती. परत जायची तिची छाती झाली नाही. त्या दांडीवरचं लुगडं हल्ली सरकलेलं दिसे. एका टोकाला गोळा झालेलं.

म्हणजे घरात कुणीतरी येत होतं.

आता खिडकी. रमाकांतरावांच्या पलंगाशेजारची खिडकी समोरच्या नयनाबेनच्या ओट्यावर उघडत असे. नयनाबेन विधवा, हसतमुख, केसाला मेंदी लावणारी. ओट्यावरच्या हिंचक्यावर बसून तिची दुपार जाई. निरुपमाबाईंनी स्वयंपाकघरात उभं राहून आपला डावा हात खांद्याच्या वर नेऊन पाहिला. खाली आणला. परत वर नेला. भिंतीवरच्या आरशात त्यांना स्वतःचं रूप दिसलं आणि अंगावर काटाच आला. हे सरळ सरळ हात हलवणं होतं. गाडी सुटताना फलाटावरच्या माणसाला करतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाजी घ्यायच्या निमित्ताने समोर गेल्या. नयनाबेन गुजरातीत बोले, निरुपमाबाई मराठीत, आणि इतक्या वर्षांत दोघींचं कशावाचून अडलं नव्हतं.

"आवो आवो, निरुबेन! जय श्रीकृष्ण! केम, आजे सवारसवारमां?"

"जय श्रीकृष्ण. म्हटलं बघावं, तुमची दुपार कशी जाते."

"मारी बपोर?" नयनाबेन खळखळून हसली. "बपोरे शुं, हिंचके बेसुं, भींडा समारुं." आणि तिने हवेतच भेंडी चिरून दाखवली.

"आणि समोर बघता."

"समोर? हां, रमाकांतभाईने जोया हता ने!" नयनाबेन उत्साहाने पुढे सरकली. "ऊभा हता, बारी पासे! हुं तो राजी थई गई. में हाथ कर्यो, केम छो पूछवा. तो एमणे झट दईने पडदो पाडी दीधो!"

उभे होते, खिडकीशी. हिने हात केला आणि त्यांनी झटकन पडदा ओढून घेतला. निरुपमाबाईंनी वाक्य मनात दोनदा फिरवलं. सरळ माणूस पडदा कशाला ओढेल? तीही बाई, मला हे सगळं एवढं हसून सांगतेय, म्हणजे पाणी किती खोल आहे बघा.

"तबियत तो सारी थई गई, नहीं?" तब्येत बरी झाली ना, असं नयनाबेनने विचारलं.

"जरा जास्तच सारी झालीय," निरुपमाबाई म्हणाल्या आणि भाजी न घेताच परत आल्या.

त्याच दुपारी त्यांनी सलीलला फोन लावला. नळ सोडून.

"अरे, तुझ्या बाबांचं काहीतरी चाललंय."

"काय चाललंय, आई? आकांक्षाने मला पण रिपोर्ट पाठवलाय. चांगलंच आहे की, हात उचलतायत."

"तिच्यासमोर उचलत नाहीत, माझ्यासमोर उचलत नाहीत. मग कुणासमोर उचलतात? घरात कुणी येतं, मी सांगते तुला. माझं सोवळं कुणीतरी हलवतं."

"आई, एवढ्या उन्हात कोण येणार आहे तुझं सोवळं हलवायला?"

"ते मला माहीत असतं तर तुला फोन केला असता का? तुमच्या फॅक्टरीत ते कॅमेरे असतात ना दारादारावर? तसला एक आण. ह्या घरात बसव. मी देवळात बसून बघेन."

सलील म्हणाला, "ठीक आहे. नाहीतरी मलाही काळजी वाटतेय. एकटे असताना पडले बिडले तर? रविवारी येतो घेऊन."

रविवार लांब होता आणि निरुपमाबाईंना धीर नव्हता. शुक्रवारी त्यांनी चहा दिला, कप विसळला, झांजा पिशवीत घातल्या. रमाकांतरावांनी पांघरूण ओढलं.

"जा तू. उशीर होईल."

"जाते हो. एवढी घाई मला सासरी पाठवतानासुद्धा कुणी केली नव्हती."

देवळात एक अभंग झाला. दुसरा अर्धा झाला असेल नसेल, निरुपमाबाईंनी झांजा शेजारणीच्या मांडीवर टाकल्या, "जरा बघ गं, ताल सोडू नकोस," म्हणाल्या आणि उठल्या. पुढच्या दाराने जाण्यात अर्थ नव्हता. समोर हिंचका होता. त्या घरामागच्या बोळातून गेल्या, मागच्या फाटकाची कडी बोट घालून आवाज न करता काढली आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. पायाखाली फरशी तव्यासारखी तापली होती. तोंडात शब्द तयार होते. सबंध बोळ भाजत चालताना त्यांनी ते एकेक करून पारखून घेतले होते. नवऱ्यासाठी वेगळे आणि तिच्यासाठी वेगळे.

पडवीत रमाकांतराव एकटेच होते.

वॉकर भिंतीशी लावलेला. मोरीच्या कठड्याला कंबर टेकून ते उभे होते, अंगात बंडी आणि कमरेला नुसता पंचा. खाली बादलीत त्यांचा लेंगा भिजत होता आणि पलंगावरची चादर. ते वाकले, उजव्या हाताने लेंगा वर काढला, एक टोक डाव्या मुठीत कोंबलं, बोटं उजव्या हाताने त्यावर दाबून बसवली आणि पिळायला लागले. पाणी निथळलं, पायावर पडलं. डावी मूठ सुटली, लेंगा परत बादलीत. परत वाकले.

आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. निरुपमाबाईंनी कान दिला.

"सरदारासारखा माणूस," रमाकांतराव लेंग्याला सांगत होते, "मिशीला पीळ, आणि अंथरुणात तळं. शोभतं का?"

आवाज त्यांचा होता, पण हेल त्यांचा नव्हता. तो हेल सगळ्या सुभानपुऱ्याला ठाऊक होता. वाक्यही नवऱ्याचं नव्हतं. होळीनंतर इस्पितळात शेजारच्या खाटेवर तात्यासाहेब म्हणून एक गृहस्थ होते, राजवाड्यात कामाला असलेल्या घराण्यातले, पांढऱ्या मिशांचे. त्यांची चादर रोज बदलावी लागे आणि त्यांची बायको ती खालमानेने बदले. एका सकाळी निरुपमाबाईंनी रसिकाला ते वाक्य ऐकवलं होतं, सबंध वॉर्डला ऐकू जाईल असं. वर, 'असं करायची वेळ माझ्यावर आली तर मी हात जोडीन बाई' असंही म्हणाल्या होत्या. नर्सपण हसली होती. रमाकांतराव तेव्हा वाकड्या तोंडाने वर छताकडे बघत पडले होते. ह्यांना कुठे काय कळतंय, असं सगळे धरून चालले होते.

कळलं होतं. शब्दन्‌शब्द कळला होता.

पिळून झाल्यावर रमाकांतरावांनी सोवळ्याची काठी घेतली. पुढच्या दोरीवर वाळत घातलं असतं तर सगळ्या गल्लीला दिसलं असतं. ह्या दांडीकडे घरातलं कुणी बघायला धजत नव्हतं आणि पत्र्याखाली मे महिन्यात कपडा बघता बघता कोरडा होई. लेंगा त्यांनी काठीच्या टोकाला अडकवला. काठी एका हाताने पेलेना. डावा हात त्यांनी उजव्याने उचलून काठीवर ठेवला आणि मग तो हात, तो दुसऱ्या कुणाचा आणून ठेवलेला हात, थरथरत वर जायला लागला. कोपर सुटलं. खांदा सुटला. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या. लेंगा दांडीला लागला आणि घसरून त्यांच्याच डोक्यावर पडला, ओला, सपकन.

निरुपमाबाईंचा पदर तोंडावर गेला. हसू होतं की आणखी काही, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

रमाकांतरावांनी डोक्यावरून लेंगा काढला, एक इरसाल शिवी दिली, दम खाल्ला आणि परत काठी उचलली. ह्या खेपेला लेंगा बसला. नीट, मधोमध, निरुपमाबाईंच्या सोवळ्याला चिकटून.

एरवी त्या सोवळ्याला सुनेचा पदर लागला तरी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता घशाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं. ह्या घडीला आपण खाकरलो जरी, तरी हा माणूस परत उभा राहायचा नाही, हे त्यांना पट्ट्या न बघता कळलं. त्या आल्या तशा मागे सरकल्या, कडी लावली आणि देवळात जाऊन चपलांच्या शेजारी पायरीवर बसून राहिल्या. आत झांजा बेताल वाजत होत्या. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही, आणि त्याचं बायकांना फार आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी खोलीत घमघमाट होता. गादीवर पावडरचा थर होता, चादर तीच, अर्धवट घडीच्या सुरकुत्या पडलेली. निरुपमाबाईंनी खिडकी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं काठीने उतरवलं तर काठाला ओल लागून वाळल्याचा डाग. ते त्यांनी मुकाट्याने बादलीत टाकलं, देवाला म्हणाल्या, "तू बघितलंयस, मला सांगू नकोस," आणि रेशमी नेसून पूजा आटोपली.

रविवारी सलील आला. हातात खोकं, सोबत रसिका. आल्या आल्या त्याने स्टूल ओढलं.

"बाबा, इथे कोपऱ्यात एक छोटा कॅमेरा लावतोय. आईच्या मोबाईलवर दिसेल. माझ्यापण. इथून खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी, सगळं येतं."

रमाकांतराव पलंगावर बसले होते. उजव्या हाताने त्यांनी डावा हात धरला आणि पोटाशी घेतला. चेहरा असा झाला, की झटका आला त्या दिवशीसुद्धा निरुपमाबाईंनी तसा पाहिला नव्हता.

"उतर खाली," त्या म्हणाल्या.

"अगं, तूच म्हणालीस ना?"

"तेव्हा हो म्हणाले, आता नको म्हणते. उतर. स्टूल मोडशील."

"आई, पण त्या दुपारच्या पट्टीचं काय?" रसिका म्हणाली. "आकांक्षापण विचारतेय. बाबा एवढा वेळ काय करतात, कळायला नको का? उद्या पडले तर?"

"आणि तू म्हणत होतीस घरात कुणीतरी येतं," सलील म्हणाला. "सोवळं हलवतं."

रमाकांतरावांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

निरुपमाबाईंनी पदर खोचला. "कुणी येत नाही. मी ह्यांना धुणं लावते."

"काय?"

"मराठी कळत नाही का? धुणं. मी भजनाला जाताना बादली भरून ठेवते. पिळायचं, काठीनं दांडीवर घालायचं. हात वर जातो तो त्याच्यामुळे. तुमची ती पोरगी इतके दिवस रबर ओढायला लावतेय, गेला का हात वर?"

सलीलचा चेहरा लाल झाला.

"आई, ते पेशंट आहेत! अर्धांग झालेल्या माणसाला तू धुणं धुवायला लावतेस? आणि स्वतः देवळात जाऊन टाळ कुटतेस?"

"झांजा."

"मग मला फोन करून कॅमेरा कशाला मागितलास?"

"तुम्ही दोघं किती लक्ष घालता ते बघायला."

हे उत्तर तोकडं होतं, पण ते त्यांनी अशा काही तोऱ्यात दिलं की सलीलला पुढे विचारायचं सुचलं नाही. रसिका मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्या नजरेत काय शिजतंय हे निरुपमाबाईंना दिसत होतं. सासूबाई आजारी नवऱ्याकडून धुणं धुऊन घेतात. उद्या ही गोष्ट समाच्या सोसायटीत, परवा पुण्याच्या नणंदेकडे, आणि गणपतीपर्यंत बडोद्यातल्या यच्चयावत मराठी घरांत. ज्या तोंडाला सगळे भीत होते त्या तोंडाबद्दल आता लोक तोंडं भरभरून बोलणार. त्यांनी मान जरा आणखी ताठ केली.

"रोज नाही," पलंगावरून आवाज आला.

सगळे वळले.

"एक दिवसाआड," रमाकांतराव जड जिभेने म्हणाले. "आणि ती काठी फार जड आहे. जरा हलकी आणून दे, सलील."

"काठीला काय धाड भरलीय?" निरुपमाबाई म्हणाल्या. "चांगली बांबूची आहे. आळस, दुसरं काय."

"बघितलंस?" रमाकांतराव मुलाला म्हणाले. "असं आहे."

सलीलने आकांक्षाला फोन लावला आणि बाजूला जाऊन हळू आवाजात बोलला. परत आला तेव्हा राग अर्धा उतरला होता. "ती म्हणते, चालू दे. दोन्ही हात एका कामाला लागले की चांगलं असतं म्हणे. पण मोरीत पाय घसरेल, रबराची चटई टाका. आणि पाणी जड असतं, बादली अर्धीच भरा."

"अर्धीच भरते," निरुपमाबाई म्हणाल्या.

खोकं न उघडताच परत गेलं. जाताना रसिकाने सासऱ्यांचे पाय जरा जास्तच वेळ धरले, आणि सासूबाईंना नुसताच नमस्कार केला, लांबून.

गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला. निरुपमाबाईंनी कपबश्या गोळा केल्या. त्या ट्रेमध्ये ठेवताना, पलंगाकडे न बघता, त्या म्हणाल्या, "उद्या मागच्या पडवीत तुमच्यासाठी वेगळी दोरी बांधून घेते. कमरेएवढी, हाताला येईल अशी. माझ्या दांडीला पुन्हा हात लावलात तर याद राखा."

रमाकांतराव मनगटावरचा पट्टा बोटाने फिरवत राहिले.

"खाली नको," ते शेवटी म्हणाले. "हात वर जायला हवा म्हणते ती मुलगी."

निरुपमाबाईंनी ट्रे उचलला. स्वयंपाकघराच्या दारात त्या थांबल्या.

"मग वर बांधते. पण वेगळी."